खवल्याचा सुळा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही बायकोने दिली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्या मागे मागे फिरून बोलताय. मी ओट्यापाशी, तर तुम्ही दारात. मी गच्चीवर, तर तुम्ही जिन्यात. आता काय सांगायचं ते हिला सांगा. ही सगळं ऐकून घेईल आणि मध्येच भाजी चिरायला उठणार नाही."

तर वहीबाई, नमस्कार. मी चौतीस वर्षं डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि दात बनवले. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात. ही पण त्याच लॅबमध्ये होती. मी सुरुवातीपासून वरिष्ठ. ही रंग जुळवायची आणि शेवटचा हात फिरवायची, म्हणजे तसं हलकंच काम.

मागच्या खोलीत माझे राक्षस राहतात. जुन्या भयपटांच्या काळातली खेळणी, एकशे त्रेचाळीस नग. पत्र्याचे, रबराचे, किल्लीचे, एक तर नुसताच हात आहे आणि तो सरपटतो. लोक हसतात. हसू देत. ज्याने नऊ वर्षांचा असताना अंधाऱ्या थिएटरात खुर्चीखाली बसून राक्षसाला पूल खाताना पाहिलंय, त्यालाच त्यातलं सुख कळतं.

आज वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. आमच्या जुनी खेळणी मंडळाला तेवीस तारखेपासून आठ दिवस वाचनालयाचं मोठं दालन मिळालंय! आजवर आमचं प्रदर्शन कुणाच्या तरी दिवाणखान्यात व्हायचं आणि बघायला त्या घरातलीच माणसं. यंदा दालन, पाट्या, आणि मधोमध मानाचं कपाट. चारी बाजूंनी काच, आत स्वतंत्र दिवा. त्यात एकच खेळणं राहणार. अट एवढीच की त्याचा प्रत्येक भाग कारखान्यातून निघाला तेव्हाचा हवा, काहीही बदललेलं नको. बावीस तारखेला मंडळ तपासणी करणार.

माझ्या खवल्याशिवाय त्या कपाटात उभं राहायची लायकी आहे कुणाची?

हिला सांगितलं. हातातला झारा खाली पडला. एवढा आनंद झालेला मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

वहीबाई, तुला खवल्या माहीत नाही, म्हणजे तू अडाणीच म्हणायची. तो पूल खाणारा राक्षस तो हाच. सिनेमाचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, पण राक्षस विसरणं शक्य नाही. खेळण्यातला खवल्या एक वीत आणि चार बोटं उंच, हिरव्या पत्र्याचा, पाठीवर छापलेली खवलं. किल्ली दिली की चालतो, जबडा उघडतो, मिटतो. जबड्यात हस्तिदंती रंगाचे बारा दात, वर सहा, खाली सहा, प्रत्येक वेगळा बसवलेला. जगात खवले बरेच उरलेत, पण सगळे बोळके. दात आधी पडतात. बाराच्या बारा शाबूत असलेला मी पाहिलेला एकच, तो माझा.

तो मिळाला कसा? इथलं जुनं थिएटर बंद झालं तेव्हा मालकाच्या टेबलावर होता. मालकाला मी कवळी बनवून दिली होती आणि ती त्याला अशी बसली की पहिल्याच दिवशी त्याने ऊस खाऊन दाखवला. म्हणाला, "तू मला दात दिलेस, आता तू हे दात घे."

दुपारी डबाबंद आला. हा मंडळातला माझा मित्र आणि वैरी. वजनमापं तपासणारा निरीक्षक होता, त्यामुळे कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. तो फक्त सीलबंद खेळणी जमवतो. डबा उघडत नाही, उघडू देत नाही. त्याच्याकडे एक चौकोनी डबा आहे, त्यावर तीन डोळ्यांच्या बाईचं चित्र आहे. आत ती आहे की विटेचा तुकडा, हे त्यालाही माहीत नाही. तो डबा मानाच्या कपाटासाठी उभा करणार आहे म्हणे.

"तुझा खवल्या चांगला आहे," म्हणाला, "पण हात लागलेला आहे."

"माझा एकट्याचा!" मी म्हणालो. "आणि किल्ली तर अठ्ठावीस वर्षांत दिलेली नाही."

हे मात्र हिच्यामुळे. पूर्वी मी वर्षातून एकदा, माझ्या वाढदिवसाला, खवल्याला चालवायचो. एकदा ही म्हणाली, "पुरे झालं. दात हलतील त्याचे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः काचेची पेटी आणून त्याला आत ठेवलं. वर झाकण. तोंडाला कुणीही बोट लावायचं नाही, मीसुद्धा, असा हुकूम. खेळण्यांची जिला काडीची आवड नाही तिला एवढी काळजी. तेव्हा मला भरून आलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पाट्या लिहायला बसलो. सरपटणाऱ्या हाताचा स्क्रू सैल होता, म्हणून बारीक वॉशर शोधायला हिचा बटणांचा डबा उघडला. तळाशी कागदाची एक चिमुकली पुडी. आत लेकीचे दुधाचे दोन दात! चष्मा कपाळावर होता, तरी तेवढ्यात दिसलं की एक पांढरा स्वच्छ आणि दुसरा बराच पिवळट, टोकदार. लहानपणी ब्रश करायचा कंटाळा करायची, त्याचा हा परिणाम. मी हिला तसं म्हणायला गेलो तर हिने पुडी माझ्या हातातून अशी घेतली की जणू मी चोर.

"आईच्या वस्तूंना हात लावू नये," म्हणाली.

वॉशर काही मिळाला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, आठवड्यातून एकदा तरी फोन करते आणि दर वेळी "खवल्या कसा आहे?" हे विचारतेच. बापाचा छंद मुलीने मनाला लावून घेतलाय. मी प्रदर्शनाची बातमी दिली. आनंदाने ओरडली. मग तपासणीचं सांगितलं.

"तपासणी म्हणजे काय करणार?"

"डबाबंद नवीन जांभळी बॅटरी आणणार आहे. अंधार करायचा आणि तो उजेड टाकायचा. जुना पत्रा, जुना रंग, जुना दात सगळं मंद दिसतं. नंतरचं काही असलं तर चमकून उठतं. अजिबात लपत नाही."

"बाबा," ती म्हणाली, "आईला फोन द्या."

हिने फोन घेतला, स्वयंपाकघराचं दार लावलं. पाऊण तास. पुढच्या महिन्यात माझा एकसष्टावा वाढदिवस आहे, त्याचीच खलबतं असणार. मला संशय आलाय असं मी दाखवणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भांडण झालं. लिहू की नको असं वाटत होतं, पण वहीशी खोटं कशाला बोलायचं?

जेवताना ही सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "मानाच्या कपाटात तो उडणारा बेडूक ठेवा ना. किती गोंडस आहे."

उडणारा बेडूक! ज्याचा एक पंख माझ्या समोर बदललाय! मी म्हणालो, "तुला एवढंही कळत नाही?" ती म्हणाली, "मला कळतं ते तुम्हाला कळत नाही." मी म्हणालो, "चौतीस वर्षं मी दात पाहिलेत. हातभर लांबून सांगेन खरा कुठला आणि खोटा कुठला." त्यावर ती ताट उचलून गेली.

मनात आलं ते लिहितो. हिला माझे राक्षस कधीच आवडले नसावेत. चाळीस वर्षं मागची खोली अडवून ठेवली, पाहुणे आले की त्यांना दिवाणखान्यात झोपवलं. ती बोलली नाही एवढंच. आता निदान चार लोकांसमोर मला कुणी वेडा म्हणू नये, असं तिला वाटत असेल. त्या कपाटात खवल्या उभा राहिला तर चाळीस वर्षांच्या वेडाला काही अर्थ होता असं होईल. नाही राहिला तर मी एक म्हातारा, खेळणी जमवणारा.

वाईट वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हिने सकाळी न विचारता चहा दिला, मी न विचारता कपडे वाळत घातले. भांडण मिटलं.

दुपारी डबाबंद जांभळी बॅटरी मिरवायला आला. मागच्या खोलीचे पडदे ओढले. अहाहा, काय वस्तू आहे! उडणाऱ्या बेडकाचा बदललेला पंख निळाशार पेटला. रबरी वटवाघळाच्या कानामागे मी लावलेला गोंद चमकला. डबाबंद प्रत्येक वेळी "पकडला!" म्हणून ओरडत होता, जणू भाजीवाल्याचा काटाच धरलाय.

"चल, आता खवल्या," मी म्हणालो आणि पेटीच्या झाकणाला हात घातला.

तेवढ्यात ही आत आली आणि डबाबंदला म्हणाली, "भाऊजी, गुडघा कसा आहे तुमचा?"

संपलं! डबाबंदला गुडघ्याबद्दल विचारायचं नसतं, हे लहान मूलही जाणतं. ही तर चांगलीच जाणते. त्याने डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली, उजव्यावर यायला पाच वाजले, आणि मग त्याला घरी जायचं होतं. खवल्या राहिला तो राहिलाच. हिला माणसांची फार कणव.

१६ नोव्हेंबर, रविवार

खवल्याची पाटी लिहितोय. काचेतून त्याच्याकडे बघताना तो पेटीत गेला त्याच्या आदला दिवस आठवला. मी कवळ्या पोचवायला बाहेरगावी गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर लेक पांघरुणात, भिंतीकडे तोंड करून. पाच वर्षांची होती. "पोट दुखतंय," म्हणाली. मी ओव्याचं पाणी पाजलं. आणखी दुखायला लागलं, रडायलाच लागली. ही घरात नव्हती. शेजारच्या काकूंना लेकीपाशी बसवून लॅबमध्ये गेली होती. आली तेव्हा हातावर पॉलिशची पूड. म्हणाली, एका पेशंटचा सुळा तातडीने हवा होता.

मला अजून कळत नाही, एवढ्या तातडीने सुळा कुणाला लागतो? मी विचारलंही होतं. म्हणाली, "होता एक. त्याला उद्या सकाळी लोकांसमोर तोंड उघडायचं होतं." बिचारा, पुढारी असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लेक अचानक आली! चार दिवसांची रजा टाकून. "तुमचा मोठा दिवस आणि मी नसेन?" म्हणाली. माझी छाती दोन इंच फुगली.

दिवसभर ती माझ्या आसपास घुटमळत होती. मी पाट्यांना कडा कापत होतो. मध्येच म्हणाली, "बाबा, लहानपणी माझ्या हातून तुमचं एखादं खेळणं मोडलं असतं तर?"

मी कात्री खाली ठेवली आणि नीट समजावलं. म्हणालो, "बाळा, वस्तू म्हणजे वस्तू. मुलापुढे वस्तूची काय किंमत? मी तर हसलो असतो. म्हटलं असतं, चला, राक्षसाचा एक दात गेला, पूल जरा हळू खाईल."

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. ही इतकी हसली, इतकी हसली की तिला उचकी लागली आणि लेकीला पाणी घेऊन धावावं लागलं. मी इतका विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं. लेक बाहेर आली तेव्हा तिला बहुतेक आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण मला शाई वाळायच्या आत शेवटची पाटी पुरी करायची होती. तिला म्हटलं, उद्या बोलू.

२२ नोव्हेंबर, शनिवार

क्रमाने लिहितो.

सकाळी दहा वाजता दालनात जमलो. मंडळाचे सातही जण, ग्रंथपाल बाई, ही, लेक. मधोमध मानाचं कपाट, रिकामं, आत दिवा लागलेला. डबाबंदने निरीक्षकपदाचा जुना कोट घालून आणला होता. कपाटासाठी दोनच नावं: त्याचा सीलबंद डबा आणि माझा खवल्या. डबा आधी तपासला. चिकटपट्टी जुनी, कागद जुना, छपाई जुनी. पास. पण मंडळींची नजर खवल्यावर, मला दिसत होतं. डबा कितीही जुना असला तरी डबाच.

ग्रंथपाल बाईंनी पडदे ओढले. मी स्वतः झाकण काढलं. डबाबंदने पायांपासून उजेड टाकायला सुरुवात केली. पाय मंद. पोट मंद. पाठीवरची खवलं मंद. मी प्रत्येक वेळी मान डोलवत होतो. मग जबडा. खालचे सहा मंद, पिवळसर, आजोबांच्या दातांसारखे.

मग वरची रांग. पाच दात मंद, आणि उजवा सुळा ट्यूबलाईटसारखा पेटला!

डबाबंदलासुद्धा "पकडला" म्हणवेना. त्याने बॅटरी बंद केली, पुन्हा लावली. सुळा पुन्हा पेटला.

माझी दातखीळ बसली. मग वाटलं, थिएटरच्या मालकाने फसवलं. मग वाटलं, कुणीतरी बदलला. मी म्हणालो, पडदे उघडा. खिशातून भिंग काढलं, चौतीस वर्षं वापरलेलं, आणि त्या सुळ्यावर लावलं. दिवसाच्या उजेडात तो शेजाऱ्यांहून एका केसाने वेगळा नव्हता. तीच हस्तिदंती छटा, मुळाशी तोच तपकिरी डाग, टोकाला तीच झीज. डेंटल पोर्सिलीन. एवढा रंग जुळवणारं माणूस आमच्या लॅबमध्ये एकच होतं आणि ते मी नव्हतो. माझे दात रंगाला नेहमी एक पायरी पुढे-मागे जायचे. हिच्यापुढे मी पाणी भरावं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही.

तरी खात्री म्हणून आरसा घेऊन सुळ्याची आतली बाजू पाहिली.

वहीबाई, तुला सांगतो. दाताच्या आतल्या अंगाला, हिरडीजवळ, एक बारीकसा उंचवटा असतो. जीभ तिथे टेकते. घाईत बरेच कारागीर तो नीट करत नाहीत, कारण बाहेरून दिसत नाही. ही प्रत्येक दाताला करायची. मी म्हणायचो, कशाला एवढा वेळ घालवतेस? ती म्हणायची, "जिभेला घर लागतं."

खवल्याच्या सुळ्याला आतून तो उंचवटा होता. पत्र्याच्या राक्षसाच्या! त्याला जीभच नाही!

मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, अगदी सरळ. तेवढ्यात लेक मध्ये आली आणि तेहेतीस वर्षांची बाई, स्वतः रोज लोकांना धीर देणारी, पाच वर्षांच्या मुलीसारखी रडायला लागली.

"मी तोडला बाबा. त्याला किल्ली देऊन टेबलावर चालवत होते. पडला. माझं पोट दुखत नव्हतं."

"मी सांगणार होते," ही म्हणाली. "त्या वेळी तुम्ही थकून आला होतात. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, बाराच्या बारा! इतके खूष झालात. मग रोजच म्हणायला लागलात. मग सांगायचं राहूनच गेलं."

तिने पर्समधून ती पुडी काढली. बटणांच्या डब्यातली. एक दुधाचा दात आणि एक पिवळट, टोकदार. खवल्याचा मूळ सुळा! मुळाशी जरा टवका गेलेला, बाकी शाबूत.

डबाबंदने तो घेतला, बॅटरी लावली. मंद. त्याचा चेहरा उजळला. हा माणूस वैरी आहे खरा, पण नियमाला पक्का. "मग अडलंय कुठे?" तो म्हणाला. "मूळ दात हजर आहे. नवा काढा, जुना बसवा. तुम्ही दोघं दातांचीच माणसं, दहा मिनिटांचं काम. मंडळाला हरकत नाही. कपाट तुझं."

सगळे हो म्हणाले. ग्रंथपाल बाईंनी टाळीसुद्धा वाजवली. हिने चिमटा आणि गोंद आणलेच होते. पर्समध्ये! म्हणजे सगळी तयारी करून आली होती. तिने चिमटा माझ्यापुढे धरला.

मी चिमटा घेतला. खवल्याचा जबडा उघडला. आतून त्या उंचवट्याला टोक लावलं की सुळा निघाला असता. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते कपाट चार पावलांवर होतं, दिवा लागलेला.

माझ्याच्याने होईना.

"नको," मी म्हणालो. "हा सुळा राहू दे."

"अहो, वेडे आहात का?" ही म्हणाली.

"ते तुला चाळीस वर्षांपासून माहीत आहे," मी म्हणालो. मग डबाबंदला सांगितलं की कपाटात तुझा डबा ठेव, खवल्याला खिडकीजवळचं साधं टेबल चालेल. डबाबंद मला पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी त्याने कोट काढला आणि नाक पुसलं.

मी खवल्याची किल्ली लेकीच्या हातात दिली. "चालव," म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं झाली, अवघडला असेल."

तिने नऊ वेढे दिले. खवल्या आधी नुसता घरघरला. मग एक पाऊल, मग दुसरं, मग टेबलाच्या कडेपर्यंत जबडा उघडत-मिटत, सगळं दालन पोटात घालणार असल्यासारखा. लेकीने त्याला कडेला झेललं. आम्ही सगळे ओरडत होतो. वाचनालयात!

२३ नोव्हेंबर, रविवार

आज उद्घाटन. गर्दी. उद्या सविस्तर लिहीन म्हणून ठरवलं होतं, पण सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली आणि गप्प बसवेना.

काय हे! झारा पडला, फोनवर दार लावलं, गुडघा, पिवळा दात, पुढाऱ्याचा सुळा. सगळं माझ्याच हाताने लिहून ठेवलंय आणि मला एक अक्षर कळलेलं नाही. हातभर लांबून खोटा दात ओळखणारा म्हणे.

आणि एकवीस तारखेचं ते भाषण! हिला उचकी का लागली ते आता कळलं. लेकीला सकाळी चहा देताना खरं सांगून टाकलं. म्हटलं, "मी हसलो नसतो. ओरडलो असतो. आठवडाभर अबोला धरला असता." ती म्हणाली, "मला माहीत आहे बाबा. म्हणून तर पोट दुखत होतं."

मग दोघंही हसलो, पण मला जरा वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसावं लागलं.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रदर्शन आज संपलं. लेक मंगळवारीच परत गेली, पण रोज फोन करून गर्दीचा हिशोब विचारायची.

मानाच्या कपाटासमोर लोक थांबायचे, डबा बघायचे, "आत काय आहे?" विचारायचे, आणि डबाबंद अभिमानाने सांगायचा, "माहीत नाही." मग लोक खिडकीकडे यायचे. तिथे अकरा आणि चार वाजता खवल्या चालायचा. किल्ली ही द्यायची. दोनच दिवसांत तिने नऊ वेढ्यांचे अकरा केले आणि लोकांना असं सांगायला लागली जणू पूल तिच्यासमोर खाल्ला होता. एक आजी जबड्यात वाकून बघत होत्या, त्यांची कवळी माझीच. त्यांनी हिला विचारलं, "सुळा तुम्ही बनवला? मग माझी कवळी यांच्याकडून का करून घेतली मी?"

खरंच आहे.

आज शेवटच्या खेळानंतर डबाबंद आपला डबा कपाटातून काढून हिच्यापाशी आला. कानाशी धरून हलवला. "वहिनी, ही पण चालत असेल का हो?"

"भाऊजी, मी कसं सांगू? ती तुमच्या डब्यात आहे."

त्याने डबा पुन्हा कानाशी धरला. मग चिकटपट्टीचा कोपरा नखाने एवढासा उचलला, घाबरून परत दाबला, आणि घरी गेला. उद्या सकाळी आमच्याकडे येतोय. कात्री तयार ठेवा म्हणालाय.

मूळ सुळा परत बटणांच्या डब्यात गेला, लेकीच्या दुधाच्या दाताशेजारी, त्याच पुडीत. खवल्या काचेच्या पेटीत गेला नाही, दिवाणखान्यात फळीवर आहे. त्याची नव्याने लिहिलेली पाटीही तिथेच लावली. इथे उतरवून ठेवतो:

"खवल्या. पत्र्याचा, किल्लीचा. अकरा दात कारखान्याचे. वरचा उजवा सुळा माझ्या बायकोने बनवलेला. आमच्या लॅबमध्ये तिच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, मलाही नाही."

हिने ती पाटी पहिल्या दिवशी वाचली तेव्हा चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि नुसतं म्हणाली, "अक्षर जरा वाकडं आलंय."

आत्ता स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, कुठे आहात? घर किती गप्प गप्प वाटतंय! इथे या आणि बोला काहीतरी."

जातो.